क्रोम सोडून फायरफॉक्स घेतल्यास बुकमार्क आणि पासवर्ड जातील का?

सिडकोतील घरच्या विंडोज संगणकावर क्रोमऐवजी फायरफॉक्स हा ब्राउझर घेतल्यास महापालिकेच्या घरपट्टीचे जतन केलेले पान हरवेल, ही आपली भीती अनाठायी आहे. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधून क्रोमचा डेटा आयात केला, की बुकमार्क आणि इतिहास बिनबोभाट येतात.

पासवर्डांचे मात्र जरा निराळे आहे. ते क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून उतरवून फायरफॉक्समध्ये आयात करावेत आणि त्या फाइलीत बँकेचा पासवर्डसुद्धा कोणालाही वाचता येईल अशा उघड्या अक्षरांत असल्यामुळे, काम होताच ती रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी. नेमके हेच बहुतेक जण विसरतात.

क्रोम महिनाभर तरी राहू द्यावा, कारण एखादे जुने संकेतस्थळ फायरफॉक्समध्ये अडल्यास तो हाताशी असलेला बरा.