जुना गेम, नवी आवृत्ती : पैसे कुठे वसूल होतात?

प्रश्न : 'जीटीए सॅन अँड्रियस'ची जुनी डीव्हीडी माझ्याकडे आहे. नव्या लॅपटॉपवर गेम कधी सुरूच होत नाही, तर कधी सुरू होऊन माउस हलत नाही. 'डेफिनिटिव्ह एडिशन' ही सुधारलेली नवी आवृत्ती घ्यावी का? (वाचक, सातारा)

लगेच नको. आधी हातातला गेम दुरुस्त होतो का ते बघा.

गेम मुळीच सुरू होत नसेल तर संशय डिस्कवरच्या कॉपी-प्रोटेक्शनवर, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपावर घ्या. सेफडिस्क आणि सिक्युरॉम या अशा कुलपांच्या काही जुन्या आवृत्त्या विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनेच बंद केल्या. तिथे 'कम्पॅटिबिलिटी मोड' (जुन्या विंडोजसारखं चालवण्याची सोय) कितीही बदलला तरी उपयोग नाही.

गेम सुरू होतो पण माउस मेलेला, हा दोष मात्र घरी सुटतो. गेम बंद करा. 'डॉक्युमेंट्स'मध्ये 'जीटीए सॅन अँड्रियस यूजर फाइल्स' हा फोल्डर असतो. त्यातली '.सेट' एक्स्टेन्शनची सेटिंग फाइल तेवढी डिलीट करा, सेव्ह फाइल्सना हात लावू नका. पुढच्या वेळी गेम ती फाइल नव्याने तयार करतो. मग 'सायलेंटपॅच' हा मोफत पॅच आणि त्याला लागणारा एएसआय लोडर (पॅच गेममध्ये चढवणारी छोटी फाइल) गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये, गेम सुरू करणाऱ्या एक्झी फाइलशेजारी टाका. गेम 'प्रोग्रॅम फाइल्स'च्या बाहेर ठेवलात तर परवानग्यांची कटकट होत नाही.

डिस्प्ले सेटिंगमधला 'फ्रेम लिमिटर' चालूच ठेवा; तो सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या मर्यादेत ठेवतो. या गेमची काही गणितं सेकंदावर नाही, फ्रेमवर चालतात. लिमिटर काढला की चित्र गुळगुळीत दिसतं, पण गेमचा नायक सीजे पाण्यात जागच्या जागी हातपाय मारत राहतो आणि पोहण्याची मिशन्स अडतात.

आता नव्या आवृत्तीबद्दल. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती आली तेव्हा तिची अवस्था वाईट होती. पाऊस पांढऱ्या रेघांसारखा दिसायचा, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं आपोआप मोठी करताना स्पेलिंगं बिघडली होती. सगळ्यात मोठी चूक धुक्याची. प्लेस्टेशन २ ला लांबचं चित्र काढणं जमत नव्हतं म्हणून २००४ च्या गेममध्ये धुकं घातलं होतं आणि त्या धुक्यामुळेच नकाशा अफाट वाटायचा. ते काढल्यावर गेममधल्या माउंट चिलियाड डोंगरावरून लॉस सँटोस शहर हाकेच्या अंतरावर दिसू लागलं. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये 'क्लासिक लाइटिंग'चा, म्हणजे मूळ गेमसारख्या प्रकाशाचा, पर्याय आला आणि बरंच काही सुधारलं. जुन्या रेडिओवरची काही गाणी मात्र नव्या आवृत्तीत नाहीत.

कंट्रोलरवर खेळणार असाल तर आज ती सवलतीत घ्यायला हरकत नाही. नेम धरणं सोपं झालंय आणि मिशन फसलं की तिथूनच पुन्हा सुरू करता येतं. कीबोर्ड-माउसवाल्यांना जुना गेम पॅच करून पुरेसा आहे. डीव्हीडी टाकू नका. नवी आवृत्ती येण्याआधी गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने 'जीटीए ३', 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियस' हे मूळ तिन्ही गेम ऑनलाइन विक्रीतून काढून घेतले होते, ओरड झाल्यावरच पीसीसाठी परत आणले.

प्रश्न : 'एज ऑफ एम्पायर्स २'चं काय? जुन्यात गवत जांभळं दिसतं. (वाचक, नाशिक)

इथे बिनधास्त 'डेफिनिटिव्ह एडिशन' घ्या. १९९९ चा मूळ गेम २५६ रंगांच्या ठरावीक संचावर चालतो. विंडोजचा डेस्कटॉप मधेच तो संच बदलतो, म्हणून गवत जांभळं आणि पाणी भलतंच. २०१९ च्या आवृत्तीत हा प्रश्न नाही, शेतं आपोआप पुन्हा पेरली जातात आणि ऑनलाइन खेळायला माणसं मिळतात. २०२२ मध्ये आलेल्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भागात बंगाली, द्रविड आणि गुर्जर या संस्कृती स्वतंत्र झाल्या. ६४ बिट विंडोज १०, ४ जीबी रॅम आणि ३० जीबी मोकळी जागा किमान हवी. लॅपटॉप साधा असेल तर जड ग्राफिक्सचा मोफत जोडपॅक उतरवू नका.

प्रश्न : 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम' पुण्यात नव्याने बनत होता, तो रीमास्टर होता का? (वाचक, पुणे)

नाही, रीमेक. रीमास्टरमध्ये जुन्या कोडवर नवं चित्र चढवतात, रीमेकमध्ये गेम नव्याने बांधतात, त्यामुळे वेळ आणि जोखीम दोन्ही कैक पट. युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंचं काम सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. ग्राफिक्सवर टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम कंपनीच्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे हलवलं गेलं. जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने रीमेक रद्दच केला. २००३ चा मूळ गेम आजही खेळण्यासारखा आहे. रीमेक आला नाही म्हणून तो खेळायचा राहू देऊ नका.

प्रश्न : घेण्याआधी रीमास्टरची पारख कशी करावी? (वाचक, बेळगाव)

एका बटणाने जुनं चित्र परत आणता येतं का ते पाहा. 'स्टारक्राफ्ट रीमास्टर्ड'मध्ये एफ५, 'कमांड अँड कॉन्कर'च्या २०२० च्या संचात स्पेसबार. अशी सोय असली की आत मूळ गेम शाबूत असल्याची बरीच खात्री पटते. उलट २०२० चा 'वॉरक्राफ्ट ३ रीफोर्ज्ड' बघा: त्याने जुन्या मालकांचाही गेम बदलून टाकला आणि रँकिंगची शिडी, क्लॅन (खेळाडूंचे गट) अशा सोयी सुरुवातीला गायबच होत्या. जुनी आवृत्ती शेजारी राहणार की पुसली जाणार, हे खरेदीआधी वाचाच.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळून पैसे परत मागता येतात. तेव्हा ते तास सुरुवातीचे व्हिडिओ बघण्यात घालवू नका. सेटिंग्ज लावा, गर्दीच्या जागी फ्रेम कमी होऊन चित्र अडखळतं का पाहा, सेव्ह करून गेम बंद करा आणि तोच सेव्ह पुन्हा उघडतो का तपासा.