युद्धाच्या काळात कॉलराने माणसं जास्त का दगावतात?
मुख्य कारण उशीर. कॉलरात अंगातलं पाणी काही तासांत निघून जातं, वेळेत पाणी-मीठ भरून काढलं तर शंभरात एकही जात नाही, नाहीतर गंभीर पेशंटमधले निम्मे जाऊ शकतात. आता युद्धात रस्ते बंद, चेकपोस्ट, दवाखान्यात सलाईन नाही, मग माणूस पोचणार कधी? येमेनमध्ये तर २०१६ पासून बऱ्याच सरकारी डॉक्टर-नर्सना नियमित पगारच मिळेना, त्यात उपासमारीने पोरं आधीच खंगलेली.

१९९४ ला रवांडाचे निर्वासित शेजारच्या झैरेतल्या (आताचा काँगो) गोमा शहरात आले, तिथली जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, संडासाचे खड्डेही खणता येईनात, आणि लोक किवू तलावाचंच पाणी प्यायचे. वर सलाईन हळू चढवलं जायचं आणि तोंडाने ओआरएस कमी दिलं गेलं, ही गोष्ट मला फार लागते कारण ते टाळता आलं असतं.

१९७१ ला बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ, खायचा सोडा पाण्यात कालवून ड्रम भरून ठेवले, नातेवाईकच मगाने पाजायचे, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ वर आलं!