रोज ऑफिसला नेतो त्याच पोलोने ट्रॅक डेला जायचं आहे. ब्रेक पॅड आणि टायर कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की गाडी फोक्सवॅगन पोलो 1.2 जीटी टीएसआय आहे, रोज पुण्यातल्या ट्रॅफिकमधून ऑफिसला जाता, वर्षातून दोनदा कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला (स्वतःची गाडी ट्रॅकवर वेगात पळवायचा दिवस) न्यायची इच्छा आहे आणि एकाच सेटमध्ये दोन्ही भागवायचं आहे. भागतं. मीही पोलोच वापरतो, कारी आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक दोन्ही केलेत, आणि पॅडच्या बाबतीत एकदा चुकलोही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक हिशोब करा. पुणे ते कोइम्बतूर साधारण 1200 किमी, म्हणजे जाऊन-येऊन 2400. कारीची एक फेरी सुमारे 2.1 किमीची. दिवसभरात चार-पाच सेशन, म्हणजे ट्रॅकवर उतरायच्या पाळ्या, मिळाल्या तरी ट्रॅकवर जेमतेम 100 किमी होतात. उरलेला सगळा प्रवास ट्रक, कुत्री, अचानक वळणाऱ्या बाइक आणि पहाटेचं धुकं यांच्यामधून करायचा असतो. तेव्हा पॅड घ्या, टायर घ्या, ते या 2400 किमीत तुम्हाला धोक्यात घालणारे नकोत. बाकी सगळं यानंतर.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा: पहिलं ब्रेक ऑईल, मग पॅड, टायर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलटं करतात, कारण टायर दिसतो. पण चिकट, म्हणजे रस्ता जास्त धरणारा टायर लावला की वळणातला वेग वाढतो, ब्रेक उशिरा आणि जोरात मारला जातो आणि सगळी उष्णता त्याच जुन्या पॅडवर आणि जुन्या ऑईलवर जाते.

उष्णता किती, ते बघा. माणसासकट गाडी 1180 किलो धरू. शहरात 60 च्या वेगावरून थांबलात तर जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, तेवढ्यात साधं अर्धा लिटर पाणी उकळेल. ट्रॅकवर 150 वरून 60 वर आलात, म्हणजे गाडी थांबलेलीसुद्धा नाही, तरी पावणेतीन लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता तयार होते. हे दर फेरीत पुन्हा पुन्हा, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर, म्हणजे पॅड ज्यांना दाबून धरतात त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्यांवर. मागे आपल्याकडच्या पोलोला डिस्क नाहीत, ड्रम ब्रेकच आहेत.

आता ब्रेक जातो तो दोन प्रकारे, आणि पायाला यातला फरक कळलाच पाहिजे. पेडल घट्ट आहे, तुम्ही जोर लावताय, पण गाडी थांबत नाही, याचा अर्थ पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेला. पेडल मऊ पडलं, खाली खाली जायला लागलं, तर ऑईल उकळून त्यात वाफ झाली. पहिल्या प्रकारात थोडा तरी ब्रेक शिल्लक असतो. दुसऱ्यात कधीकधी काहीच नसतो.

माझ्या बाबतीत दुसरा प्रकार झाला होता. पहिल्याच सेशनची पाचवी फेरी, मुख्य सरळ पट्टा संपत आला होता, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल रबरी मॅटपर्यंत गेलं. दोन-तीनदा भराभर पंप केल्यावर थोडं वर आलं, गिअर खाली घेत गाडी सावरली आणि पुढची अर्धी फेरी सावकाश पिटपर्यंत आणली. तिथल्या मेकॅनिकने कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निपलला नळी लावून ब्लीड केलं, म्हणजे जुनं ऑईल बाहेर काढलं, तर नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑईल आलं. दोन महिन्यांपूर्वीच एका गॅरेजच्या बिलावर ब्रेक ऑईल बदलल्याचे पैसे मी भरले होते. तेव्हापासून ऑईल बदलताना समोर उभा राहतो आणि चारही चाकांतून स्वच्छ ऑईल येईपर्यंत हलत नाही. तुम्हीही तसंच करा, कोणाला राग आला तरी चालेल.

कारण असं की ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 या ब्रेक ऑईलच्या नेहमीच्या दर्जाचं प्रमाण कोरड्या अवस्थेत किमान 230 अंश सेल्सिअसला उकळण्याचं आहे, पण ओल शोषल्यावर ते 155 पर्यंत उतरतं. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात हे आणखी लवकर होतं. ट्रॅकवर जाण्याआधी पंधरा दिवसांत ताजं ऑईल भरा. मोतूल आरबीएफ 600 सारखं ऑईल नवीन असताना 312 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 च्या जागी चालतं, फक्त वर्षाला बदलावं लागतं. डॉट 5 नावाचं सिलिकॉनचं ऑईल मात्र चुकूनही घालू नका, डॉट 5.1 वेगळं आणि ते वेगळं.

पॅडकडे येतो. दुकानदार 'बाइट', म्हणजे पहिल्या दाबाची पकड, सांगेल, तुम्ही तापमान विचारा. कंपनीचा पॅड थंडीत पहिल्या दाबाला धरतो, आवाज करत नाही, डिस्क खात नाही, पण ट्रॅकवर तीन-चार फेऱ्यांत दमतो. शुद्ध रेसिंग पॅड याच्या उलट, गरम झाल्याशिवाय धरतच नाही. मी एक वर्ष तसले पॅड लावले होते. परतीच्या वाटेवर साताऱ्याला मुक्काम केला आणि डिसेंबरात पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पुण्याकडे जो उताराचा एस वळणाचा पट्टा आहे, तिथे एक ट्रक लेन सोडून पुढे आला. मी ब्रेक दाबला आणि पहिला क्षण काहीच झालं नाही, लाकडावर लाकूड घासावं तसं. मग पॅड धरला आणि गाडी थांबली, मधे अंतर होतं म्हणून. शेजारी बायको झोपली होती. घरी पोचल्यावर त्याच दिवशी ते पॅड काढले.

तुम्हाला हवाय तो यांच्या मधला वर्ग, फास्ट रोड किंवा रोड-ट्रॅक म्हणून विकला जाणारा. फेरोडो डीएस2500 आणि ईबीसी यलोस्टफ ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. मी फेरोडो वापरतो. थंड असताना करकरतो, अलॉय चाकं काळी करतो, पण पहाटेच्या पहिल्या दाबाला धरतो आणि माझ्या वेगाला वीस मिनिटांचं सेशन काढतो. मागवण्याआधी पॅडचा आकार जुन्या पॅडशी पडताळा, पोलोला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कॅलिपर आलेत. पॅडच्या पाठीवर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, एफएफ किंवा जीएफ अशी. पहिलं थंड असतानाच्या घर्षणाचं, दुसरं गरम असतानाच्या. ई म्हणजे घर्षणाचा गुणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी त्याहून वर. एफई दिसलं तर समजायचं की गरम झाल्यावर पकड उतरते. ट्रॅकवर किती टिकेल ते या अक्षरांवरून कळत नाही, पण सुमार माल बाजूला काढायला उपयोग होतो. भोकं पाडलेल्या डिस्कवर पैसे घालू नका, चांगली साधी डिस्क पुरते.

नवीन पॅड डिस्कवर रुळायला वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर 80 वरून 20 पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, मधे गाडी पूर्ण थांबवायची नाही, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड करायची. हे न करता ट्रॅकवर उतरलात तर पॅडचा थर डिस्कवर कमी-जास्त चिकटतो आणि स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात, बहुतेक वेळा वाकलेली नसते.

टायरबद्दल. टोयो आर888आर सारखा सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ रेसिंगचाच टायर, तुमच्यासाठी नको. त्याचा ट्रेडवेअर (टायर किती सावकाश झिजतो याचा आकडा) 100, खाचा कमी, आणि जुलैत ताम्हिणीत किंवा कात्रजला साचलेल्या पाण्यावर तो गाडी तरंगवतो. कंपनीच्याच मापात, 195/55 आर16 असेल तर त्याच मापात, चांगला उन्हाळी स्पोर्ट टायर घ्या, ट्रेडवेअर 200 ते 300 च्या दरम्यान. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच देते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नका. जून 2020 पासून टायरची आयात परवान्याखाली गेल्यामुळे या मापात पर्याय थोडे आहेत. परदेशी यूट्यूबवर पाहिलेला टायर इथे मिळेलच असं नाही. बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: 1424 म्हणजे 2024 चा चौदावा आठवडा. दोन वर्षांहून जुना माल परत करा.

कोरा टायर थेट ट्रॅकवर नेऊ नका. उंच ब्लॉक वळणात लवतात, तापतात आणि कडा फाटतात. चार-पाच मिलिमीटर उरलेला टायर ट्रॅकवर जास्त बरा चालतो. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, पण पावसाळ्यात मी तीनच्या खाली जात नाही.

हवेसाठी स्वतःचा गेज ठेवा. ट्रॅकवर टायर तापून हवा सहा-आठ पीएसआय सहज चढते, म्हणून सेशननंतर गरम असतानाच मोजायची आणि चढलेली थोडी सोडायची. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारा. रेघ पार बाजूपर्यंत पुसली गेली तर टायर मुडपतोय, हवा कमी आहे. आणि हायवेला लागण्याआधी थंड टायरमध्ये हवा पुन्हा गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याएवढी भरा. कमी हवेवर सामान भरलेली गाडी 1200 किमी पळवली तर टायर फुटू शकतो.

प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता काढा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअर पी (पार्क) मध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. निघण्याआधी पॅडची जाडी बघा. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, ती आणि तुमच्या डिस्कची आत्ताची जाडी मोजून इथे लिहा, म्हणजे नुसते पॅड पुरतील की डिस्कही बदलायला लागतील ते सांगतो.