पिल्लाच्या सांध्यांसाठी आधी वजन सांभाळा

तुमचे कुत्र्याचे पिल्लू मोठ्या जातीचे असल्याने त्याला कॅल्शियमच्या वेगळ्या गोळ्या देण्याचा मोह कृपया टाळा, कारण कोवळ्या वयात त्याचे शरीर जादा कॅल्शियमचे शोषण पुरेसे रोखू शकत नाही आणि हाडांची वाढ बिघडते. अशा पिल्लांसाठीचा संतुलित आहार पुरेसा असतो. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वजन: ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या अभ्यासात, तुलनेसाठी जोडी लावलेल्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी आहार मिळालेल्या कुत्र्यांमध्ये सांध्यांची झीज उशिरा दिसली आणि ती सरासरी सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगली. वजन योग्य असेल, तर पिल्लाच्या बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. माशाच्या तेलातील ओमेगा-३ सांधेदुखीत उपयोगी पडते, परंतु त्याचे प्रमाण पशुवैद्यकांनाच ठरवू द्या. माणसांची वेदनाशामक औषधे मात्र कधीही देऊ नका.