टोकियोत शाकाहारी आईवडिलांना जेवायला कुठे न्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडिलांना घेऊन सहा दिवस टोकियोला जाताय, दोघंही शुद्ध शाकाहारी, हॉटेल आसाकुसात. मित्र म्हणतो की उडोन-सोबा, म्हणजे रश्श्यातल्या जपानी शेवया, बिनधास्त खाऊ घाल, वाडग्यात मासा दिसत नाही म्हणजे नाही. तर जेवायला कुठे न्यावं?

मित्राचं ऐकू नका. पुढचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे ऐका.

मी चार वर्षं टोकियोत, निशी-कासाईला राहिलो. मूळचा रत्नागिरीचा, सुकटीवर वाढलेला. सासर मात्र पंढरीच्या वाटेवरचं, माळकरी. सासरे, म्हणजे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. आळंदी ते पंढरपूर पायी वारी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला अन्न नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा मोठे मेहुणे चार महिने माझ्याशी बोलत नव्हते, मासे खाणाऱ्या घरात बहीण जातेय म्हणून. अण्णांनीच होकार दिला. हे सगळं सांगतोय कारण पुढच्या गोष्टीत ते लागतं.

अण्णा आणि मेहुणे मार्चच्या शेवटी आमच्याकडे आले. जपानमध्ये 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्यामुळे मला ऑफिसातून मान वर करायला फुरसत नव्हती. हिला सातवा महिना. मग अण्णांना फिरवायचं काम मेहुण्यांनी अंगावर घेतलं. त्यांच्याकडे एक्सेलमध्ये केलेली यादी होती, त्यात वेळा होत्या, गाड्या होत्या आणि जेवणाच्या रकान्यात सगळीकडे 'सोबा'. मी विचारलं तर म्हणाले, "दाजी, बुद्धाचा देश आहे हा. इथे शाकाहाराची काय चिंता!"

बुद्धाचा देश आहे हे खरंच. 675 साली तेम्मू सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी घातली, तीही वर्षातले काही महिने. त्या यादीत मासा नव्हता. पुढे 1872 मध्ये मेइजी सम्राटाने गोमांस खाऊन दाखवलं आणि उरलीसुरली बंधनंही सैल झाली. म्हणजे मांस टाळलं त्या काळातसुद्धा या लोकांच्या ताटातून मासा कधी गेलाच नव्हता. मेहुण्यांच्या यादीत हा रकाना नव्हता.

तर पहिल्या दिवशी हे दोघं स्टेशनाजवळच्या उभ्याने खायच्या सोबाच्या दुकानात गेले. दाराशी मशीन, त्यात नाणी टाकायची, बटण दाबायचं, चिठ्ठी निघते ती काउंटरवर ठेवायची, दोन मिनिटांत वाडगा समोर. कुट्टूच्या पिठाच्या शेवया, वर कांद्याची पात, आणि काळसर गरम रस्सा. संध्याकाळी अण्णा खूश. "जावईबापू, आमटीच म्हणा की. फोडणी नाही, तिखट नाही, तेलाचा थेंब नाही, तरी चव. हे कसं काय?"

कसं काय ते मला माहीत होतं. त्या रश्श्याला दाशी म्हणतात. टोकियोकडची दाशी प्रामुख्याने कात्सुओबुशीची, म्हणजे कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरी देऊन, सुकवून लाकडासारखा टणक करतात आणि मग रंध्याने काढलेल्या ढलप्यांसारखे त्याचे पापुद्रे काढतात ते. पाण्यात टाकले, गाळले, झाली दाशी. मासा दिसत नाही कारण तो गाळलेला असतो. 'दिसत नाही म्हणजे नाही' हे म्हणणाऱ्याने चहात चहापत्ती दिसते का ते सांगावं. आणि माझं नाक कोकणातलं. त्या दुकानाशेजारून गेलं तरी मला सुकट भाजल्याचा वास यायचा.

तरी त्या संध्याकाळी मी गप्प बसलो. फक्त म्हणालो, "उद्या दुसरीकडे जेवा, तिथे गर्दी फार असते." मासेखाऊ जावयाने माळकरी सासऱ्याला तोंडावर सांगायचं की तुम्ही आज मासा खाल्लात, यासाठी जीभ रेटेना. शिवाय ही अवघडलेली, घरात भांडण नको. कारणं पुष्कळ देता येतील.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच गेले. अण्णांनाच जायचं होतं.

तिसरा दिवस शनिवार, मी सोबत गेलो. ठरवलं होतं की त्यांना परस्पर दुसरीकडे न्यायचं. पण पाऊस सुरू झाला, दुकान समोर आलं, अण्णा आत शिरले. शेजारच्या जपानी माणसासारखा त्यांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलून ओठाला लावला. स्वयंपाकघर काउंटरच्या पलीकडे, उघडंच. त्याच वेळी तिथल्या माणसाने एक मोठी पिशवी फोडून ते पापुद्रे पातेल्यात ओतले. अण्णांनी वाडगा खाली घेत विचारलं, "हा भुसा कशाचा?"

मेहुणे पटकन म्हणाले, "मशरूम आहे अण्णा, वाळवलेलं." आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. निदान शंका तरी होतीच.

मी म्हणालो, "मासा आहे अण्णा."

अण्णांनी वाडगा हळूच काउंटरवर ठेवला. थुंकले नाहीत, काही बोलले नाहीत. बाहेर आले, मशीनमधून पाण्याची बाटली घ्यायला लावली, कडेला उभं राहून चूळ भरली. मग मला विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग पहिल्या दिवशी सांगायचं की," एवढंच म्हणाले.

आता तुम्हाला वाटेल, या माणसाला विचारलं काय आणि सांगतोय काय. पण तुमच्या मित्राचं वाक्य वाचलं आणि हात शिवशिवले. कारण आमच्याकडे गेली सात-आठ वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मेहुणे हीच गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, "नकळत घडलं त्याला दोष नसतो. दाजींनी ते कळतं केलं." ऐकणारे माना डोलावतात. वाक्य आहेच तसं.

माझं म्हणणं असं की नकळत कोणाच्या? अण्णांच्या. आपल्या दोघांच्या नव्हे. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्यानेच ठरवायचं ना काय चालतं ते? परदेशात एखादा वारकरी म्हणेलही की इथे उपाय नाही, रस्सा चालवून घेतो. तो त्याचा निर्णय. पण त्याच्या वतीने परस्पर मशरूम म्हणायचा हक्क मुलाला कोणी दिला? मेहुण्यांवर माझा राग त्या सोब्यावरून नाहीच, तो 'मशरूम'वरून आहे. माझे पहिले दोन दिवस मात्र माझ्या नावावर आहेत. त्याबद्दल मेहुणे काही बोलत नाहीत, कारण ते त्यांना माहीत नाही. अण्णांनी सांगितलं नसावं.

असो. कुठे न्यायचं ते बघू.

तुमचं हॉटेल आसाकुसात आहे ही सोयीची गोष्ट. मेट्रोची गिन्झा लाइन तिथूनच सुटते आणि तुमचं बहुतेक खाणं त्या एका लाइनीवर होईल. उएनोच्या पुढचं स्टेशन उएनो-हिरोकोजी, तिथून चालत ओकाचिमाची. हा जवाहिऱ्यांचा भाग आहे आणि तिथे धंदा करणारे बरेच जयपूरकडचे जैन. परदेशात शाकाहारी जेवण शोधायचं तर जैन कुठे राहतात ते आधी बघावं, ही माझी युक्ती कुठेही चालते. तिथे 'वेज हर्ब सागा' नावाचं फक्त शाकाहारी, दक्षिणी पद्धतीचं हॉटेल आहे. डोसा, इडली, थाळी. तुमच्या वडिलांना पहिल्या दिवशी इथेच न्या, पोट शांत झालं की माणूस देवळं बघायला तयार होतो.

टोकियो स्टेशनात 'टीज तानतान' नावाचं हॉटेल आहे, तिथल्या रामेनमध्ये, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांमध्ये, मांस, मासा, अंडं, दूध काहीच नसतं. तीळ-शेंगदाण्याचा दाट रस्सा, आपल्या जिभेला चटकन पटतो. ते जेआर रेल्वेच्या तिकिटाच्या फाटकाच्या आत, केइयो स्ट्रीटवर आहे. म्हणजे रेल्वेने जाता-येता खायचं. बाहेरून शोधत बसाल तर सापडणार नाही. कांदा-लसूण चालत नसेल तर तिथे जाऊ नका.

कांदा-लसूण वर्ज्य असेल तर उलट जपानी जेवणच जवळचं वाटेल तुम्हाला, फक्त ते देवळातलं हवं. शोजिन-ऱ्योरी म्हणतात, झेन भिक्षूंचं जेवण. बारमाही चातुर्मास समजा. दाशी तिथेही असते, पण ती कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि वाळलेल्या शिताके मशरूमची. (हो, मशरूमची. मेहुण्यांना एवढं तरी ठाऊक असतं तर त्यांनी अण्णांना तिथे नेलं असतं.) अण्णांना जी 'आमटीची चव' लागली तिला जपानीत उमामी म्हणतात. इकेदा किकुनाए यांनी 1908 साली ती कोंबूमधूनच शोधली. म्हणजे ती चव माशाशिवायही मिळते. आसाकुसापासून फार लांब नाही, इरियाजवळ 'बोन' नावाचं हॉटेल आहे, तिथे या जेवणाचा चिनी वळणाचा भाऊ, फुचा-ऱ्योरी, मिळतो. माणशी काही हजार येन लागतात आणि आधी कळवावं लागतं. दिवसभराची सवड असेल तर शिंजुकूहून ताकाओ डोंगरावर जा, तिथल्या याकुओ-इन देवळात आधी कळवल्यास दुपारचं शोजिन जेवण मिळतं. आईवडिलांसाठी केबल कार आहे.

घरच्यासारखा वरण-भात हवा झाला तर निहोम्बाशीला गाडी बदलून तोझाई लाइनने निशी-कासाई. आपले योगेंद्र पुराणिक 2019 साली ज्याच्या वॉर्ड सभेवर निवडून आले तो एदोगावा वॉर्ड हाच. तिथे भारतीय वाणसामान मिळतं, हॉटेलं आहेत. पण शहरात इतरत्र 'इंडियन करी'ची पाटी दिसली की ते हॉटेल बहुतेक नेपाळी बंधूंचं असतं आणि नान उशीएवढा येतो. वाईट नसतं, रोज खाऊ नका.

रस्त्यावरची दुकानं, म्हणजे कोंबिनी. इथे सावध. साधी मिठाची ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, सहसा चालते. उमेबोशीची, म्हणजे खारवलेल्या आंबट आलुबुखारासारख्या फळाची, दिसायला निरुपद्रवी, पण पुष्कळदा त्यात कात्सुओ मिसळलेला असतो. इनारी-झुशी म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात, तो तोफू दाशीत शिजवतात. मिसो सूप, आगेदाशी-तोफू (रश्श्यातला तळलेला तोफू), भाज्यांच्या तेम्पुऱ्यासोबतचं, म्हणजे जपानी भज्यांसोबतचं पाणी, सगळीकडे तेच. पाकिटावर अंडं, दूध, गहू ॲलर्जीसाठी वेगळे नोंदवायची सक्ती आहे, माशाची नाही. त्यामुळे फोनचा कॅमेरा धरून सगळं बारीक अक्षरातलं वाचा. आणि हे पाठ करा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस." मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशीपण नको. शेवटचं वाक्य विसरलात तर पहिल्याचा उपयोग नाही, कारण दाशी म्हणजे मासा हे तिथल्या माणसाच्या डोक्यातही येत नाही. तो लबाडी करत नसतो.

आसाकुसात एक गोष्ट चुकवू नका. 'फुनावा' या दुकानाचं इमो-योकान. रताळं, साखर, किंचित मीठ, बस. त्या शनिवारानंतर अण्णा बाहेर काही खायला तयार नव्हते, ही डबा करून द्यायची. पण मग एकादशी आली आणि मी त्यांना हे आणून दिलं. चौकोनी, पिवळी वडी. त्यांनी आधी वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "रताळं आहे अण्णा. मी वाचून आणलंय." खाल्लं. दुसरी मागितली. नाकामिसे या आसाकुसातल्या बाजारपेठेतली कामिनारी-ओकोशीही घ्या, आपल्या चुरमुऱ्याच्या वडीची जुळी बहीण.

तुम्ही स्वतः मासे खात असाल तर एका सकाळी आईवडील झोपलेले असताना त्सुकिजीच्या मासळी बाजाराच्या बाहेरच्या भागात जाऊन या. घाऊक बाजार 2018 मध्ये तोयोसूला गेला, पण बाहेरची दुकानं तिथेच आहेत. याहून जास्त त्याबद्दल या उत्तरात लिहीत नाही.

मी परत येऊन काही वर्षं झाली, त्यामुळे निघण्यापूर्वी ही ठिकाणं चालू आहेत का, सुट्टीचा वार कोणता, ते बघून घ्या. आणि हे आधी सांगायला हवं होतं: आईवडील 'शुद्ध' म्हणजे किती शुद्ध, ते इथे मला नको, त्यांना विचारा. अंडं चालतं का, रस्सा चालेल का. चालत असेल तर बिनघोर सोबा खा, उत्तम लागतो. मी अजून खातो.

तुमचा तो मित्र कोथरूडला राहतो का हो? मेहुणे हल्ली तिकडेच असतात.