अमेरिकेतल्या विद्यापीठात वक्त्याचं भाषण बंद पाडणं हेही अभिव्यक्ती स्वातंत्र्यच नाही का? आणि आयोजकांनी काय तयारी ठेवावी?

तुमची अडचण मला समजली ती अशी: तुम्ही अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात शिकता, तुमच्या संघटनेनं एका वादग्रस्त वक्त्याला बोलावलंय, विरोधी गट भाषण होऊ देणार नाही म्हणतोय आणि त्यांचा युक्तिवाद असा की ओरडणं हीही अभिव्यक्तीच.

ओरडणं अभिव्यक्ती आहेच. सभा उधळणं नाही. आवाज किती मोठा होता यापेक्षा भाषण पुढे चालू शकलं का, हे बघितलं जातं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७० साली ‘इन रे के’ खटल्यात हे नेमकं सांगितलंय. ४ जुलै १९६८ ला कोचेलामध्ये खासदार जॉन टनी बोलत असताना द्राक्षमळ्यांतल्या मजुरांच्या बाजूनं आलेल्या निदर्शकांनी पाच-दहा मिनिटं टाळ्या आणि घोषणा चालू ठेवल्या. टनींनी भाषण पूर्ण केलं. तरी नंतर काही निदर्शकांना शिक्षा झाली आणि ती या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. सभेत हुर्यो उडवणं, टाळ्या, टोमणे यांना जागा आहे. सभेचे रूढ किंवा जाहीर नियम जाणूनबुजून मोडून कामकाजात मोठाच अडथळा आणला, तर तो गुन्हा.

त्याच कलमाखाली, म्हणजे राज्याच्या दंडसंहितेच्या ४०३ खाली, पुढे उलटा निकालही लागला. ८ फेब्रुवारी २०१० ला अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात इस्रायलचे राजदूत मायकेल ओरेन यांच्या भाषणात विद्यार्थी एकामागून एक उठत, एखादं वाक्य ओरडत आणि बाहेर जात. अकरा जणांना अटक झाली, २०११ मध्ये दहा जण दोषी ठरले. प्रत्येकाचा व्यत्यय क्षणभराचाच होता, हा बचाव चालला नाही, कारण सगळं आधी ठरवून केलेलं होतं. ‘आम्ही फक्त एकेक वाक्य बोललो’ असं म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांना हा खटला जरूर वाचायला द्या.

अभिव्यक्ती स्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारी विद्यापीठाला थेट लागू होते. खासगी विद्यापीठात तुमचा हक्क त्यांच्या नियमपुस्तिकेतून येतो (कॅलिफोर्नियात १९९२ चा लिओनार्ड कायदा आहे, त्यामुळे तिथली बहुतेक खासगी विद्यापीठंही विद्यार्थ्यांच्या बोलण्यावर मनमानी शिक्षा करू शकत नाहीत). म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या विद्यापीठाचं ‘वेळ, जागा आणि पद्धत’ यांबद्दलचं धोरण शोधून छापून ठेवणं. सभागृहात फलक चालतात का, ध्वनिवर्धक कुठे आणि किती वाजेपर्यंत, तोंड झाकायला बंदी आहे का, हे त्यातच असतं.

आता तयारी. सभा बिघडते तेव्हा कारण बहुतेक वेळा पोलीस कमी पडले हे नसतं. निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरलेलं नसतं. स्टॅनफर्डच्या लॉ स्कूलमध्ये ९ मार्च २०२३ ला फेडरल न्यायाधीश काइल डंकन यांच्या सभेत विद्यापीठाचे अधिकारी हजर होते, तरी नियम सांगून ठामपणे ताकीद कोणीच दिली नाही. उलट एका सहअधिष्ठातांनी व्यासपीठावर जाऊन, हे भाषण खरंच करण्यासारखं आहे का, असं वक्त्यालाच विचारलं. दोन आठवड्यांनी अधिष्ठात्या जेनी मार्टिनेझ यांनी दहा पानी पत्र काढलं. सभा बंद पाडणं नियमबाह्य होतं हे त्यात स्पष्ट आहे, पण विद्यार्थ्यांवर कारवाई नाही: मर्यादेत राहून विरोध करणारे आणि मर्यादा ओलांडणारे वेगळे काढणं अवघड, शिवाय अधिकाऱ्यांकडूनच उलटसुलट संदेश गेलेले. त्याऐवजी लॉ स्कूलच्या सगळ्या विद्यार्थ्यांना अर्ध्या दिवसाचं सक्तीचं सत्र. आयोजकांनी वाचावा असा याहून चांगला धडा नाही.

तेव्हा निदान तीन आठवडे आधी विद्यार्थी कल्याण कार्यालय, कॅम्पस पोलीस आणि सभागृहाचे तंत्रज्ञ यांना एकत्र बसवा. या बैठकीतून एकच नाव बाहेर पडलं पाहिजे: ताकीद देणारी व्यक्ती. ती विद्यापीठाची अधिकारी हवी, तुमच्या संघटनेची नको आणि त्या दिवशी पाहुण्यांचं स्वागतही तिच्याकडे नको. मजकूर कागदावर लिहून घ्या. सुरुवातीला सगळ्यांसाठी: ‘विरोध व्यक्त करायला मोकळीक आहे, भाषण अडवायला नाही, अडवणाऱ्यांना बाहेर जावं लागेल.’ गोंधळ झाला की दुसरी ताकीद, नियमाच्या क्रमांकासह. त्यानंतर घड्याळ लावून दोन मिनिटं थांबा. तिसऱ्या वेळी सभागृहाला उद्देशून काही बोलायचं नाही. ओरडणाऱ्या माणसाच्या खुर्चीपाशी जाऊन त्याला एकट्याला सांगायचं. हे आधी कर्मचाऱ्यांनी करावं; पोलीस दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर. गणवेशातले पोलीस पहिल्या रांगेत उभे केले की निम्मं सभागृह भाषण सुरू होण्याआधीच तापतं.

लगेच आवरायला धावू नका. एकदोन मिनिटांची हुर्यो बहुतेक वेळा आपोआप विरते. वक्त्याला आधीच सांगून ठेवा की थांबावं, पाणी प्यावं, उलट टोमणा मारू नये. वक्ता भांडायला लागला की सूत्रं त्याच्या हातून गेलीच.

सभागृह निवडताना खुर्च्या किती हे शेवटी बघा. आधी बघा की व्यासपीठामागून थेट बाहेर पडणारं दार आहे का, ध्वनियंत्रणेचा कक्ष कुलूपबंद होतो का. प्रवेश ओळखपत्रावर आणि नोंदणीनं, तिकिटं खुर्च्यांइतकीच. फलक हातात धरायचे, मागच्याला दिसणार नाही इतके मोठे नकोत आणि काठीवर लावलेले तर नकोतच. कॉलरचा माइक मुख्य, हातातला राखीव.

थेट प्रक्षेपणासाठी दुसरी खोली तयार ठेवणं चांगलं, पण त्यावर फार विसंबू नका. मिडलबरी कॉलेजात मार्च २०१७ मध्ये वादग्रस्त लेखक चार्ल्स मरे यांचं भाषण असंच बंद खोलीत हलवलं. विरोधकांनी भिंती बडवल्या, आगीचे अलार्म वाजवले. आणि खरी इजा झाली ती सगळं संपल्यावर, इमारतीतून गाडीकडे जाताना: मरेंसोबत चालणाऱ्या प्राध्यापिका ॲलिसन स्टँगर यांना दुखापत झाली. सभेतला सगळ्यात धोक्याचा भाग म्हणजे तो दार ते गाडी एवढा रस्ता. आराखड्यात त्यालाच सगळ्यात कमी जागा मिळते. गाडी दाराला लावून ठेवा, इंजिन चालू, आणि पर्यायी दार ठरलेलं.

प्रश्नोत्तरांना निम्मा वेळ द्या आणि ते सुरुवातीलाच जाहीर करा. पहिले दोन-तीन प्रश्न विरोधकांचे घ्या. माइक कर्मचाऱ्याच्या हातात राहू द्या, प्रश्नकर्त्याच्या हातात देऊ नका. चिठ्ठ्या मागवू नका. चिठ्ठ्या निवडल्या की ‘सोयीचे प्रश्न घेतले’ हा आरोप येणारच, आणि तो बऱ्याचदा खरा असतो.

सुरक्षेचा खर्च तुमच्या गळ्यात घालायचा प्रयत्न होईल. इथे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा ‘फोर्सिथ काउंटी’ निकाल लक्षात ठेवा. श्रोते चिडतील या अंदाजावरून सरकारी यंत्रणा वक्त्याकडून जास्त शुल्क घेऊ शकत नाही, कारण मग भाषणाची किंमत विरोधकच ठरवतील. सभागृहाचं भाडं, सगळ्यांना सारखे असलेले दर चालतात. दरपत्रक लेखी मागा. ऑक्टोबर २०१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात गोऱ्यांच्या वर्चस्वाचा प्रचार करणाऱ्या रिचर्ड स्पेन्सरच्या सभेला जागेच्या भाड्यापोटी त्याच्या गटानं सुमारे साडेदहा हजार डॉलर दिले; विद्यापीठानं सुरक्षेचा अंदाज सहा लाखांचा सांगितला होता. ही रक्कम ऐकून कुलगुरू वैतागतात हे साहजिक आहे, पण वैताग हे भाषण रद्द करायचं कारण होत नाही.

विरोध करणाऱ्यांना काय सांगाल? काळे कपडे घालून या, वक्त्याकडे पाठ करून बसा, पाचव्या मिनिटाला सगळे उठून जा, दाराबाहेर पत्रकं वाटा. वाट मात्र अडवू नका. माझ्या मते सगळ्यात परिणामकारक विरोध टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा. डिसेंबर २०१६ मध्ये तोच स्पेन्सर तिथे आला, तेव्हा विद्यापीठानं त्याच वेळी मैदानावर वेगळा कार्यक्रम ठेवला आणि लोक तिकडे गेले. उधळलेली सभा मात्र वक्त्याच्या पुढच्या वर्गणीच्या आवाहनात हमखास दिसते.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्या कोणालाही, मग तो कुठल्याही बाजूचा असो, हे वेगळं सांगा: नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो, दोषी ठरेपर्यंत थांबतीलच असं नाही. दुसरी ताकीद झाली की बाहेर पडा, नंतर वाद घाला.

आणि एका स्वयंसेवकाला फक्त नोंदी ठेवायला बसवा: कितव्या मिनिटाला काय झालं, ताकीद कधी दिली, कोण कुठल्या खुर्चीवर होतं. व्हिडिओ व्यासपीठावरून प्रेक्षकांकडे तोंड करून घ्या, आणि चित्रीकरण चालू आहे याची पाटी दारावर लावा. नुसत्या वक्त्याचं चित्रीकरण चौकशीत काही कामाचं नसतं. शिस्तपालन समितीपुढे ‘त्या घोळक्यातले सगळे’ असं चालत नाही. तिला एक माणूस, एक कृती आणि एक नियम लागतो.