फिरायला निघण्याआधी हवा बघा

ताई, हिवाळ्यात पहाटे फिरायला सुरुवात करताय, छानच. पण दमा आहे, तेव्हा आधी मोबाइलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप घ्या. महाल, रामनगर, अंबाझरी, सिव्हिल लाइन्स अशी नागपूरची केंद्रं त्यात वेगवेगळी दिसतात. शहराची सरासरी सोडा, घराजवळचं केंद्र बघा. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय; आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट) 100 पर्यंत असला तर निघा. 101 पासूनच दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो, पंप जवळ हवाच. 200 च्या वर हवा ‘खराब’. त्या दिवशी घरातच व्यायाम.

तो आकडा मागच्या 24 तासांचा असतो, हे मात्र विसरू नका. गल्लीत कुणी आत्ता पालापाचोळा पेटवला, तर ॲपच्या आधी नाकाला कळतं. थंडीत गार हवा जमिनीलगत अडकते, धूर वर जात नाही. म्हणून पहाटे पाचपेक्षा ऊन वर आल्यावर निघालेलं बरं, आणि वर्धा रोड सोडून आतल्या गल्ल्या धरा.

स्कूटीवर बांधतो तो स्कार्फ उन्हाला ठीक, पण पीएम 2.5 चे, म्हणजे धुरा-धुळीतले अतिसूक्ष्म कण त्यातून सहज आत जातात. एन-95 मास्क घ्या, नाकावरची पट्टी नीट दाबा. कडेनं हवा शिरली तर उपयोग नाही.

छातीत घरघर वाढली तर आकडा कितीही असो, डॉक्टरांना दाखवा.